आंबा कलमाचा खुंट आणि पानांतील अन्नद्रव्ये

आंब्याची नवी पालवी पिवळी पडली की बहुतेक बागायतदारांचा पहिला प्रश्न असतो, "साहेब, कोणते खत टाकू?" पावसाळा संपत आला की परभणी, मानवत, सेलू, जिंतूर भागातील शेतकरी पिशवीत पाने घालून विद्यापीठात घेऊन येतात. युरिया टाकून झालेला असतो, सूक्ष्म अन्नद्रव्यांची एखादी बाटली फवारून झालेली असते, तरी पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते. बारकाईने पाहणारे शेतकरी आणखी एक गोष्ट सांगतात. एकाच ओळीत, एकाच दिवशी लावलेल्या दोन केसर कलमांपैकी एक हिरवेगार आणि शेजारचे पिवळे असते. जमीन तीच, पाणी तेच, खतही तेच. मग फरक कशाचा?

अशा वेळी आपण फांद्या पाहतो, पाने पाहतो, पण कलमाच्या जोडाखाली काय आहे हे पाहत नाही. जोडाच्या वर केसर असतो. जोडाखाली मात्र कोणत्या तरी गावरान कोयीचे झाड असते आणि जमिनीतून अन्न उचलण्याचे सारे काम तेच करते. हा खुंट पानांतील अन्नद्रव्यांवर कसा परिणाम करतो आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याला विशेष महत्त्व का आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

केसर एक, खुंट अनेक

केसर हा मूळचा जुनागडचा आंबा. त्याला केसर हे नाव १९३४ साली मिळाले. आज मराठवाड्यात तो चांगलाच रुजला असून मराठवाडा केसर या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कलमाने वाढविल्यामुळे केसरचे प्रत्येक झाड गुणाने मूळ झाडासारखेच असते. म्हणून फळाचा रंग, स्वाद व आकार यांत फारसा फरक पडत नाही.

खुंटाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडील बहुतेक गावरान आंबे एकभ्रूणी आहेत. म्हणजे एका कोयीतून एकच रोप निघते आणि ते परपरागीकरणातून तयार झालेले असते. एकाच झाडाच्या शंभर कोयी लावल्या तरी शंभर रोपे शंभर गुणांची निघतात. त्यातही रोपवाटिकेत येणाऱ्या कोयी बहुधा रस काढणाऱ्या कारखान्यातून किंवा बाजारातून गोळा केलेल्या, सरमिसळ असतात. त्यामुळे बागेत शंभर केसर कलमे लावली, तर वर एकच वाण आणि खाली शंभर वेगवेगळी मुळे अशी स्थिती असते.

कोकण, गोवा, केरळ या किनारी भागांत काही बहुभ्रूणी आंबे आढळतात. ओलूर, चंद्रकरण, कुरुक्कन, वेल्लइकोलंबन, बाप्पाकाई ही त्यांतील काही नावे. यांच्या एका कोयीतून दोन ते अनेक रोपे निघतात व त्यांतील बहुतेक रोपे मातृवृक्षासारखीच असतात. एकसारखे खुंट मिळविण्यासाठी म्हणूनच संशोधकांचे लक्ष या आंब्यांकडे गेले. मात्र अशा कोयीतून एखादे रोप परपरागीकरणाचेही असू शकते. इतरांपेक्षा वेगळे दिसणारे रोप काढून टाकावे लागते.

खुंट पानांतील अन्नद्रव्ये कशी ठरवितो?

१) मुळांचा पसारा : काही खुंटांची मुळे खोल जातात, काहींची वरच्या थरात पसरतात. स्फुरद व जस्त जमिनीत फार कमी हलतात. ती मिळविण्यासाठी मुळांनाच त्यांच्यापर्यंत जावे लागते. तंतुमय मुळे अधिक असणारा खुंट ती जास्त मिळवितो.

२) मुळांची निवड : जमिनीतील पाण्यात जे असेल ते सगळे मुळे सारख्या प्रमाणात आत घेत नाहीत. काही खुंट सोडियम व क्लोराईड मुळांतच अडवून धरतात, काही ते सरळ पानापर्यंत जाऊ देतात. पानांच्या कडा करपण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

३) लोह विरघळविण्याची क्षमता : जमिनीत लोह भरपूर असते, पण बहुतांशी न विरघळणाऱ्या स्वरूपात. आंब्याची मुळे आपल्याभोवती आम्लता निर्माण करून आणि लोहाचे रूप बदलून ते शोषून घेतात. ही क्षमता प्रत्येक खुंटात सारखी नसते.

४) झाडाचा जोम : जोमदार खुंटावर पाने जास्त येतात. त्यामुळे उचललेले अन्न अधिक पानांत वाटले जाते व पानातील टक्केवारी कमी दिसते. उदाहरणार्थ, एका झाडाची वाळलेली पाने १० किलो व त्यांत नत्र १.४ टक्के धरले, तर एकूण नत्र १४० ग्रॅम होते. दुसऱ्या झाडाची पाने १६ किलो व नत्र १.१ टक्के धरले, तर एकूण नत्र १७६ ग्रॅम होते. टक्केवारी कमी असूनही दुसऱ्या झाडाने जमिनीतून जास्त नत्र उचलले आहे. केवळ टक्केवारी पाहून त्याला उपाशी ठरविणे चूक होय.

वरच्या वाणाचाही यात वाटा असतो हे विसरू नये. एकाच खुंटावर दोन वाण बांधले तर दोघांच्या पानांत थोडा फरक पडतोच. म्हणून खुंट आणि वाण ही जोडी म्हणून पाहावी.

हे शेतकऱ्यांना अगदीच नवे नाही

मराठवाड्यातील मोसंबी बागायतदार रोपे घेताना डोळा रंगपूर लाइमवर भरला आहे की जंबेरीवर, हे विचारतो. सोलापूर, सांगली, नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी क्षारयुक्त पाणी व अवर्षण यांमुळे डॉगरीज या खुंटाचा आधार घेतला. आंब्याच्या बाबतीत मात्र आपण "कलम केसरचेच आहे ना?" एवढे विचारून थांबतो.

परदेशात आंब्याच्या खुंटावर या दृष्टीने काम झाले आहे. इस्राएलमध्ये जमीन चुनखडीची आणि ओलिताचे पाणी क्षारयुक्त. तेथे इतर रोपे पिवळी पडत असताना जी रोपे हिरवी राहिली, त्यांतून १३-१ नावाचा बहुभ्रूणी खुंट निवडण्यात आला व १९८० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तेथील बागांत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. स्पेनमध्ये ऑस्टीन या वाणाची कलमे गोमेरा-१ व गोमेरा-३ या दोन खुंटांवर बांधून त्यांना क्षारयुक्त पाणी देण्यात आले, तेव्हा गोमेरा-१ खुंटाने सोडियम व क्लोराईड वर जाण्यास अधिक अटकाव केला. पाणी एकच होते, वाणही एकच होता, फक्त खुंट वेगळा होता. आपल्या देशात नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही ओलूर, कुरुक्कन यांसारख्या खुंटांची क्षार सहन करण्याच्या दृष्टीने तपासणी केली आहे.

परभणी भागातील खरी अडचण

आंब्याला साधारणपणे ५.५ ते ७.५ सामूची, निचऱ्याची जमीन मानवते. आपल्याकडील काळ्या जमिनींचा सामू पुष्कळ ठिकाणी ८ च्या वर असतो. वरचा थर चांगला दिसला तरी दोन-तीन फुटांखाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात. कलम पहिली दोन-तीन वर्षे खड्ड्यातील शेणखत-मातीच्या मिश्रणावर चांगले वाढते. मुळे खड्ड्याबाहेर पडून चुनखडीत शिरली की पालवी पिवळी पडू लागते. म्हणूनच ही तक्रार लावणीनंतर लगेच येत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. तोपर्यंत खड्डे, कलमे, ठिबक व राखणीवरचा खर्च होऊन गेलेला असतो.

चुना, पाणी आणि मुळांच्या श्वसनातून निघणारा वायू यांच्या संयोगातून जमिनीत बायकार्बोनेट तयार होते. मुळांनी निर्माण केलेली आम्लता ते मारून टाकते व लोह शोषले जात नाही. भारी जमिनीत पाणी साचले की हा वायू बाहेर पडत नाही आणि त्रास वाढतो. पावसाळ्यात किंवा कालव्याचे पाणी भरपूर दिल्यावर झाड अधिक पिवळे का दिसते, याचे उत्तर येथे आहे. ज्या खुंटाची लोह विरघळविण्याची क्षमता अधिक, तो अशा परिस्थितीत टिकतो. शेजारचे झाड हिरवे असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

लक्षणे ओळखा

लोहाची कमतरता : कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. तीव्र अवस्थेत संपूर्ण पान पांढुरके होते.

नत्राची कमतरता : जुनी पाने आधी फिकट होतात, शिरांसह सर्व पान सारखेच फिकट दिसते.

जस्ताची कमतरता : पाने लहान व अरुंद, शेंड्याकडे पेरे आखूड होऊन पानांचा झुपका होतो.

क्षारांचा त्रास : जुन्या पानांची टोके व कडा करपतात. पालाशाच्या कमतरतेतही असेच दिसत असल्याने पान व पाणी तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पान परीक्षण कसे करावे?

काढणीनंतर जून-जुलैमध्ये आलेल्या पालवीची पाने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मोहोर येण्यापूर्वी घ्यावीत. म्हणजे पानाचे वय ४ ते ७ महिन्यांचे राहते. झाडाच्या चारही बाजूंनी, मध्यम उंचीवरील फळ नसलेल्या फांदीच्या मधले, देठासह निरोगी पान घ्यावे. सारख्या वयाच्या व सारख्या जमिनीतील १० ते १५ झाडांची मिळून ३० ते ४० पाने एका नमुन्यासाठी पुरतात. पाने स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावीत व कागदी पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवावीत. धुळीतही लोह असते. पान न धुता दिले तर लोहाचा आकडा फुगलेला येतो. नुकतीच फवारणी झालेली पाने घेऊ नयेत.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, हिरव्या व पिवळ्या झाडांची पाने एकत्र मिसळू नयेत. दोन्हींचे वेगवेगळे नमुने घ्यावेत व दोन्ही ठिकाणच्या मातीचे ०-३०, ३०-६० व ६०-९० सें.मी. खोलीचे नमुने सोबत द्यावेत. माती दोन्हीकडे सारखी आणि पान वेगळे आले, तर दोष खुंटाकडे असण्याची शक्यता अधिक. मातीच वेगळी निघाली, तर आधी जमिनीचा विचार करावा. खुंट कोठला हे माहीत असल्यास पिशवीवर लिहावे.

अहवाल कसा वाचावा?

फ्लोरिडातील अनुभवावर आधारित, अनेक ठिकाणी वापरली जाणारी आंब्याच्या पानांची प्रमाणे अशी आहेत :

नत्र : १.० ते १.५ टक्के
स्फुरद : ०.०८ ते ०.१७५ टक्के
पालाश : ०.३ ते ०.८ टक्के
कॅल्शियम : आम्ल जमिनीत २.० ते ३.५ टक्के, चुनखडीच्या जमिनीत ३.० ते ५.० टक्के
मॅग्नेशियम : ०.१५ ते ०.४० टक्के

जमिनीनुसार कॅल्शियमचे प्रमाण कसे बदलते, हे येथे लक्षात येईल. आपल्या अहवालात कॅल्शियम ४ टक्के आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्यासोबत पालाश व मॅग्नेशियम खालच्या मर्यादेला आले असतील, तर कॅल्शियमच्या गर्दीत त्यांना आत जाण्यास अडचण होत आहे असे समजावे.

लोहाच्या बाबतीत एक फसगत होते. पिवळ्या पानातील एकूण लोह पुष्कळदा हिरव्या पानाइतकेच भरते. लोह पानापर्यंत पोचलेले असते, पण वापरता येण्याजोग्या स्वरूपात नसते. म्हणून "अहवालात लोह पुरेसे आहे, तेव्हा लोहाचा प्रश्न नाही" असा निष्कर्ष काढू नये. अहवालासोबत झाडाची लक्षणेही पाहावीत.

तसेच भरघोस फळ आलेल्या वर्षी पानांतील नत्र व पालाश खाली येतात. एका वर्षाच्या अहवालावर बागेचे भवितव्य ठरवू नये, किमान दोन वर्षांचे आकडे जवळ ठेवावेत.

नवीन लागवड करताना

१९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि पुढे २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. या योजनांमुळे कोरडवाहू व हलक्या जमिनीवरही आंबा गेला. अशा जमिनीत खुंटाची निवड ही पहिली पायरी मानावी. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) लागवडीपूर्वी तीन फूट खोल खड्डा घेऊन थर पाहावेत. सामू, क्षारता व मुक्त चुना तपासून घ्यावा. खालच्या थरात चुनखडीचा जाड पट्टा लागत असेल तर त्या तुकड्यात आंबा न लावलेला बरा. चांगल्यात चांगला खुंटही अशा थरापुढे हात टेकतो.

२) आपल्या शिवारातील बांधावरची जुनी गावरान झाडे पाहावीत. चुनखडीच्या जमिनीत उभे असून ज्याची पालवी दोन-तीन हंगाम हिरवीगार येते, अशा झाडाच्या कोयी खुंटासाठी घ्याव्यात. कोय ताजीच पेरावी, आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच कमी होते. पाण्यात तरंगणाऱ्या कोयी टाकून द्याव्यात.

३) अशा झाडाची सर्व रोपे आईसारखी निघत नाहीत, म्हणून चाळणी लावणे आवश्यक आहे. पिशव्यांत विकतची पोयटा माती न भरता आपल्याच शेतातील खालच्या थरातील माती तीन भाग व कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण भरावे. सुरुवातीचे काही आठवडे रोप कोयीतील अन्नावर जगते, त्यामुळे पहिली पालवी पाहून ठरवू नये. दुसरी व तिसरी पालवी पाहावी. जी रोपे पिवळी पडतील ती निर्दयपणे काढून टाकावीत आणि हिरव्या, जाड बुंध्याच्या रोपांवरच केसर बांधावा. हा शिफारस केलेला खुंट नव्हे. ही आपल्या मातीत केलेली निवड आहे, पण डोळे झाकून घेतलेल्या कलमापेक्षा ती नक्कीच भरवशाची आहे.

४) जागेवर कलम करायचे असल्यास प्रत्येक खड्ड्यात तीन कोयी लावाव्यात. सर्वांत हिरवे व जोमदार रोप ठेवून त्यावर जुलै ते सप्टेंबर या दमट काळात मृदकाष्ठ कलम करावे. यात सोटमूळ तुटत नाही, त्यामुळे कोरडवाहू बागेस ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

५) तयार कलमे घेताना कोयी कोठल्या, खुंट किती महिन्यांचा, जोड किती उंचीवर आहे हे विचारावे. परदेशी किंवा खास खुंट असल्याचे सांगून जादा दर मागितला जात असेल तर लेखी माहिती घ्यावी. वेल्लइकोलंबनसारखा खुंट झाड ठेंगणे ठेवतो म्हणून घन लागवडीसाठी त्याचे नाव घेतले जाते. तथापि झाड ठेंगणे राहते म्हणून तो चुनखडीतही चालेल असे गृहीत धरू नये.

६) शक्य असेल त्यांनी दोन-तीन ठिकाणच्या कोयींवर प्रत्येकी दहा कलमे वेगळ्या ओळीत लावावीत व नोंदवहीत ओळीचा नकाशा काढून ठेवावा. पाच-सहा वर्षांनी ही ओळच आपल्याला उत्तर देईल.

उभ्या बागेत काय करावे?

लावलेल्या झाडाचा खुंट बदलता येत नाही. तरी त्याचे काम सोपे करता येते.

सर्वप्रथम निचरा सुधारावा. आळ्यात पाणी साचू देऊ नये. भारी जमिनीत पावसाळ्यापूर्वी चर काढावेत. शेणखत, गांडूळखत व पालापाचोळ्याचे आच्छादन दरवर्षी द्यावे. स्फुरदाची मात्रा माती परीक्षणाशिवाय वाढवू नये, जास्त स्फुरदाने जस्त व लोह यांची टंचाई आणखी वाढते.

नवीन पालवीवर फेरस सल्फेट ०.५ टक्के (१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम) व सायट्रिक आम्ल १० ग्रॅम यांची फवारणी १५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा करावी. जस्तासाठी झिंक सल्फेट ५० ग्रॅम व विरलेला चुना २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात घ्यावा. ही दोन द्रावणे एकत्र मिसळू नयेत. फवारणी सायंकाळी करावी. जमिनीतून चिलेटेड लोह द्यायचे असेल तर पिशवीवरचे नाव वाचावे. ईडीटीए स्वरूपातील लोह आपल्यासारख्या जास्त सामूच्या जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचए स्वरूपातील टिकते. ते महाग असल्याने आधी चार-पाच झाडांवर वापरून पाहावे.

फवारणीने पालवी हिरवी होते, पण ती त्या पालवीपुरतीच. पुढच्या पालवीला पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. तीन-चार वर्षांचे एखादे झाड सतत उपचार करूनही पिवळेच राहत असेल, तर त्याच्यावर आणखी दहा वर्षे खर्च करण्यापेक्षा ते काढून त्या जागी निवडक खुंटावरचे कलम लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. झाड काढताना मन होत नाही हे खरे, परंतु आंब्याचे झाड पुढच्या पिढीलाही पुरणारे असते. त्याची मुळे आपल्या मातीला मानवणारी असावीत, एवढी खबरदारी आज घ्यावयाची आहे.

थोडक्यात सांगायचे तर कलमकाडी फळ कोणते येईल हे ठरविते, पण त्या फळाला आणि पानाला पुरेसे अन्न मिळेल की नाही हे बऱ्याच अंशी खुंट ठरवितो. येत्या हंगामात खतांची यादी करण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी बागेत एक फेरी मारावी, हिरव्या व पिवळ्या झाडांना वेगवेगळ्या खुणा कराव्यात आणि दोन्हींची पाने व माती तपासून घ्यावी.